सकाळच्या केंद्रावर आळ

आमच्या घरी सकाळी सात ते आठ मिक्सर लावत नाहीत. मी लग्न होऊन सोनाळ्याला आले तेव्हाही हा नियम होता, फक्त तेव्हा घरात मिक्सर नव्हता. नियम शिलाई मशीनच्या मोटरला लागू होता. त्या तासात माझे सासरे रेडिओ ऐकतात आणि जवळ मोटर फिरली की रेडिओत खरखर येते.

ते ऐकतात ते केंद्र आपल्या देशातलं नाही. दक्षिणेला समुद्रापलीकडे जो शेजारी देश आहे तिथून रोज सकाळी शॉर्टवेव्हवर हिंदी कार्यक्रम लागतो. केंद्राचं नाव लिहीत नाही. ऐकणाऱ्यांना सांगायची गरज नाही, आणि न ऐकणाऱ्यांना सांगून उपयोग नाही. जुनी हिंदी गाणी, मधूनमधून एका निवेदिकेचं बोलणं, आणि आठवड्यातून एकदा श्रोत्यांची पत्रं. दुसऱ्या देशाने स्वतःची वीज जाळून आपल्याला आपलीच गाणी का ऐकवावीत, हे मी नवी नवरी असताना सासऱ्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "शेजारी हायेत ना ते आपले." मला ते उत्तर तेव्हा पुरलं नाही, अजूनही पुरत नाही. पण त्यांना पुरलं होतं.

मी त्यांना मामाजी म्हणते. नोकरीत ते गावाच्या पाणीपुरवठ्यावर पंप ऑपरेटर होते. पंप किती वाजता लावला, किती वाजता बंद केला, हे रजिस्टरमध्ये मिनिटासकट लिहायची सवय. तीच सवय रेडिओला लागली. हे असले श्रोते नुसतं ऐकत नाहीत, केंद्राला रिपोर्ट पाठवतात. अमुक मिनिटाला अमुक गाणं लागलं, आवाज कसा होता, दुसरं केंद्र मधे घुसत होतं का, खरखर किती, हे सगळं पाच आकड्यांत लिहायचं. पाचही पाच म्हणजे आवाज समोर बसून बोलल्यासारखा. केंद्र तो रिपोर्ट आपल्या नोंदींशी ताडून पाहतं आणि बरोबर निघाला तर एक छापील कार्ड पाठवतं. मामाजींकडे अशा कार्डांची एक पत्र्याची पेटी भरलेली आहे. या मंडळींचा एकच कायदा: न ऐकलेलं लिहायचं नाही. एखाद्या दिवशी ताप आला आणि रेडिओ लावला नाही, तर त्या दिवसाची ओळ कोरी.

आता माझ्याबद्दल एवढंच, की बस स्टँडजवळ आमचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटरची जुनी तार काढून नवी भरायची, हे काम मी वीस वर्षांपासून करते. आमचे हे पंप काढायला वावरोवावरी फिरतात, दुकानात मी असते. अलीकडे आम्ही झटका मशीनही ठेवतो. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला रानडुकरं, रोही म्हणजे नीलगायी, आणि माकडं वावरात शिरतात, म्हणून धुऱ्याने, म्हणजे बांधाने, सगळीकडून तार ओढून तिला हे मशीन जोडतात. वर सोलर पॅनेल, खाली बॅटरी. दर सेकंदाला एक झटका तारेत जातो. जनावर मरत नाही, पण पुन्हा येताना विचार करतं.

मागच्या पावसाळ्यात, तूर गुडघ्याएवढी झाली तेव्हा, मामाजींच्या रेडिओत टिकटिक सुरू झाली. खरखर नव्हे. घड्याळासारखी, ठरलेल्या अंतराने, गाण्यातून आणि निवेदिकेच्या बोलण्यातून टिक, टिक, टिक. त्यांनी तीन दिवस वाट पाहिली आणि चौथ्या दिवशी रिपोर्ट लिहिला: आपल्या ट्रान्समीटरमधून दर सेकंदाला ठोका येत आहे, कृपया तपासावे. आता पत्र टपालाने जात नाही. ते कागदावर लिहितात, मी फोनवर फोटो काढून मेल करते. मी लिहिलेलं वाचलं आणि पाठवून दिलं. डोक्यात काही आलं नाही. त्या आठवड्यात दुकानात सात मोटरी पडून होत्या.

पत्रांच्या कार्यक्रमात ते वाचलं गेलं. निवेदिकेने सोनाळा हे नाव नीट उच्चारलं. मामाजी दिवसभर खूश होते. पुढच्या आठवड्यात आणखी पत्रं आली. जळगाव जामोदच्या श्रोता संघाचे सचिव आहेत, निवृत्त शिक्षक, त्यांना सगळे गुरुजी म्हणतात, त्यांचं पत्र: टिकटिक आम्हालाही येते. मग डोंगराच्या कडेच्या आणखी दोन गावांतून: आम्हालाही.

"चार ठिकाणाहून गेलं," मामाजी मला म्हणाले. "आता त्याईले पाहाच लागीन."

त्यांनी पाहिलं. आणि दोन आठवड्यांनी निवेदिकेने जे सांगितलं ते ऐकून मामाजींनी हातातला चहा खाली ठेवला. ती म्हणाली, आमच्या इंजिनिअरांनी ट्रान्समीटर तपासला, दोष सापडला नाही. परंतु एकाच भागातून इतक्या तक्रारी येत असतील, तर या फ्रिक्वेन्सीवरचं प्रसारण बंद करण्याचा विचार चालू आहे. श्रोत्यांनी इंटरनेटवर ऐकावं. निर्णय महिन्याच्या शेवटच्या पत्र-कार्यक्रमात सांगू.

"मी टिकटिक काढाले सांगतलं होतं," मामाजी म्हणाले. "केंद्र काढाले नाई."

"फोनवर लावून देते ना मी," मी म्हटलं.

"फोनवर कायचा रिपोर्ट लिहू? फोनवर तं सारंच पाच."

ते बरोबर होतं. समुद्रावरून, चार राज्यांवरून, आकाशाला आपटून जो आवाज खाली येतो तो आज कसा आला, हेच तर त्यांचं काम. फोनवर ते काम उरत नाही. आणि एका फ्रिक्वेन्सीवर आमच्या भागातलेच नव्हे, कुठकुठले म्हातारे कान लावून बसलेले असतात. त्या सगळ्यांची सकाळ मामाजींच्या एका पत्राने जाणार होती. ते तसं बोलले नाहीत. पण दोन दिवस त्यांनी रिपोर्ट लिहिला नाही, आणि त्या ओळी ताप नसताना कोऱ्या राहिल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कणीक मळता मळता पहिल्यांदा ती टिकटिक नीट ऐकली. इंजिनिअर म्हणतात दोष नाही. मग दोष कुठे आहे? मी हात धुतले आणि मीटरजवळ जाऊन मेन स्विच पाडला. पंखा थांबला. मामाजींचा रेडिओ सेलवरचा. टिकटिक तशीच.

"लाईन काऊन घालवली?" मामाजी.

"घरातलं आहे का पाहिलं. घरातलं नाही."

"मी सांगतलं ना, तिकडलं हाये."

मी काटा फिरवून दुसऱ्या केंद्रावर नेला. टिकटिक होती. मीडियम वेव्हवर नेला. तिथेही होती, उलट मोठी. त्यांना म्हटलं, "मामाजी, तुमच्या केंद्राचा ट्रान्समीटर आकाशवाणीच्या गाण्यात कसा टिकटिकेल?" ते म्हणाले, "शेजारी हाये." पण या वेळी आवाजात दम नव्हता.

मीडियम वेव्हला रेडिओच्या आत एक काळी कांडी असते, तीच त्याची अँटेना. कांडीचं टोक ज्या दिशेला धराल त्या दिशेचा आवाज बारीक होतो. म्हणून रेडिओ हातात धरून स्वतःभोवती हळूहळू फिरायचं आणि आवाज सगळ्यात बारीक कुठे होतो ते पाहायचं. मी अंगणात तशी फिरले. पहिल्यांदा एक दिशा मिळाली, पण कांडीला दोन टोकं असतात, म्हणजे एक तर डोंगर नाही तर बस स्टँड. मग शाळेच्या कोपऱ्यावर जाऊन पुन्हा फिरले. दोन्ही रेघा डोंगराकडच्या बाजूला, गावाला लागूनच्या संत्र्याच्या बागेत जुळत होत्या. शाळेत येणाऱ्या दोन मास्तरणी मी गोल फिरताना पाहून थांबल्या. दुकान दहाला उघडायचं होतं.

बाग आमच्या ओळखीच्या चाचांची. साठीचे गृहस्थ, संत्र्याशिवाय मधे मिरची लावतात. ते धुऱ्यावर पाइप जोडत बसले होते.

"काय बहू, वावरात रेडिओ घेऊन काय ढुंढून राह्यली?"

"टिकटिक, चाचा."

"घडी पडली का तुमची?"

"झटका मशीन चालू आहे का तुमचं?"

"चालूच ठेवतो. रात्री ते डुक्करं, दिवसा माकडं. कोनाले सुट्टी नाई." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मशीन तुमच्याच दुकानातलं हाये, याद हाये ना? अन् तरी खालच्या कोपऱ्यातून जनावरं घुसून राह्यले. महिना झाला असन. मी म्हणूनच राह्यलो होतो, येतो न् भांडतो."

खालचा कोपरा म्हटल्यावर मी तिकडे निघाले, तर तारेजवळ पोचायच्या आतच रेडिओ नुसता ठणठणायला लागला. आता दिशा सापडेना, कारण सगळी तारच अँटेना झाली होती. मी रेडिओ बंद केला आणि कानाने ऐकत धुऱ्याने चालत गेले. खालच्या कोपऱ्यात तार लोंबली होती. खांबावरचा प्लास्टिकचा इन्सुलेटर फुटलेला, आणि तार खालच्या ओल्या गवतात टेकलेली. दर सेकंदाला तिथून बारीक चट् असा आवाज. वाकून पाहिलं तर गवताच्या सावलीत निळसर ठिणगी.

"चाचा, मशीन बंद करा."

बंद केलं. रेडिओ लावला. मीडियम वेव्हवर कोणी तरी सोयाबीनच्या फवारणीबद्दल बोलत होतं, स्वच्छ.

"चालू करा." टिक, टिक, टिक. "बंद करा." सोयाबीन. तीनदा करून पाहिलं. तिसऱ्या वेळी चाचा पाइप सोडून माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"म्हणजे हा आमचा झटका तुमच्या घरी बोलते?"

"तुमच्या तारेत बोलला असता तर जनावरं शिरली नसती. सगळा जीव या गवतात जाऊन राहिला आहे."

ते हसले. विळा आणला, आम्ही मशीन बंद ठेवून कोपऱ्याचं गवत साफ केलं, दुकानातून इन्सुलेटर आणून तार वर बांधली. मशीन पुन्हा चालू केल्यावर रेडिओत टिकटिक जवळजवळ गेली. अगदी तारेला चिकटवला तरच ऐकू येई. चाचांनी दोनदा विचारलं, की आता डुक्कर येणार नाही ना. मी म्हटलं, ते डुकराला विचारा, तारेची हमी माझी.

घरी येऊन मामाजींना सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तू म्हणते ते वावरातलं," ते म्हणाले. "मी म्हणतो ते केंद्रातलं. दोन राहू शकत नाई का?"

दुसऱ्या दिवशी सात वाजता रेडिओ लावला. निवेदिका बोलली, पहिलं गाणं लागलं. टिकटिक नव्हती. मामाजींचा चेहरा उजळला आणि ते म्हणाले, "पाहय. त्याईनं दुरुस्त केलं."

मी फोन उचलून गुरुजींना लावला आणि स्पीकरवर टाकला.

"गुरुजी, केंद्र लावलं आहे का?"

"हाव, चालू हाये. टिकटिक बी चालू हाये. आज तं जास्तच हाये."

"फोन रेडिओजवळ धरा जराक."

फोनमधून तेच गाणं आलं, आमच्या रेडिओपेक्षा किंचित मागे, आणि त्यात स्पष्ट टिक, टिक, टिक. मग मी आमचा रेडिओ फोनजवळ नेला. एकच गाणं, एकच केंद्र, एकच मिनिट. तिकडे ठोका, इकडे नाही.

"तुमच्याकडे टिकटिक काऊन येऊन नाई राह्यली?" गुरुजींनी विचारलं.

मामाजींनी हात पुढे करून रेडिओ बंद केला. कार्यक्रम संपायला अजून पाऊण तास होता.

खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, गुरुजी आणि बाकीच्या दोघांनी न ऐकताच हो ला हो केलं असेल. तसं नव्हतं. चौघांनीही खरंच ऐकलं होतं. डोंगराच्या कडेने एकही गाव आता झटका मशीनशिवाय नाही, पावसात सगळीकडे गवत वाढतं, सगळीकडे तार लोंबते. प्रत्येकाची टिकटिक त्याच्या त्याच्या शेजारची होती. चौघांना तीच आली म्हणून चौघांनी एकच उगम धरला, आणि तो धरला समुद्रापलीकडे. पाच आकड्यांत रोज खरं लिहिणारी माणसं. खोटं कोणीच लिहिलं नव्हतं आणि लिहिलेलं चूक होतं.

दुपारी गुरुजी जळगाव जामोदहून बसने थेट दुकानात आले. मामाजी बाकावर बसलेलेच होते. मी तार भरत होते.

"दादा, पत्र पाठवू नका," गुरुजी बसता बसता म्हणाले. "मी संघात सांगून टाकतो, आता येत नाई म्हणून. त्याईले वाटीन, दुरुस्त झालं."

"त्याईले कसं वाटीन? त्याईनं काईच केलं नाई."

"मग काय लिहिता? आमच्या अकलेत बिघाड होता? तिथून वाचलेलं पुऱ्या देशात ऐकतात, दादा. चाळीस वर्षाचं नाव हाये तुमचं. उद्या तुम्ही पाच लिहिले तरी लोक म्हणतीन, याईले डुकराचा अन् रेडिओचा फरक कळत नाई."

"नाईच कळला ना."

"तुमच्या एकट्याचं नाई. संघाचं जाते."

"गुरुजी, संघाचं गेलं तं संघ राह्यते," मामाजी म्हणाले. "केंद्र गेलं तं संघ काय करीन? मिरच्या निवडीन?"

गुरुजी माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही तरी सांगा."

मी म्हटलं, "मी फक्त विचारते, गुरुजी. तुमच्या घराजवळ झटका मशीन कोणाचं आहे?"

त्यांनी पिशवीचा बंद गुंडाळला. मग म्हणाले, "माह्यंच हाये. घरामागच्या वावरात."

तेही आमच्याच दुकानातून गेलेलं होतं, हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. मामाजींनी सांगितलं. मग दोघंही बराच वेळ हसत राहिले आणि मी पुढची कॉइल घेतली.

पत्र मामाजींनी संध्याकाळपर्यंत लिहिलं. तीन कागद फाडले. पहिल्यात फार माफी होती, दुसऱ्यात फार स्पष्टीकरण. मी वाचून म्हटलं, रिपोर्टसारखं लिहा. चौथ्यात त्यांनी तसं लिहिलं: सोनाळा येथून दर सेकंदाला जो ठोका कळवला होता तो आपल्या ट्रान्समीटरचा नव्हता. तो शेतातल्या झटका मशीनच्या तारेचा होता, तार गवतास टेकली होती. ती अमुक दिवशी उचलली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून दोन मिनिटांनी अमुक गाणं ठोक्याविना ऐकलं. आपली तपासणी बरोबर होती, माझा निष्कर्ष चूक होता. इतर तीन श्रोत्यांनी आपापल्या कुंपणांचा शोध घ्यावा. ही फ्रिक्वेन्सी माझ्या चुकीमुळे बंद करू नये. खाली पाच आकडे. पाचांपैकी एक आकडा चार होता.

"सगळे पाच का नाही दिले?" मी विचारलं. "एवढं मागताय तर."

"थोडी खरखर होती आज."

मी फोटो काढून मेल केलं. त्यानंतर आठ दिवस काहीच नाही. गुरुजींचा एकदा फोन आला, की त्यांच्या मागच्या वावरात तीन ठिकाणी तार टेकलेली सापडली, आता टिकटिक नाही, पण त्यांनी रिपोर्टमध्ये अजून लिहिलं नाही, दादांचं काय होतं ते पाहून लिहितो.

महिन्याच्या शेवटच्या पत्र-कार्यक्रमाला मी दुकान उशिरा उघडलं. मामाजी खुर्चीत ताठ बसले होते. दोन पत्रं दुसऱ्यांचीच झाली. तिसरं त्यांचं. निवेदिकेने ते संपूर्ण वाचलं, चूक हा शब्दही जसाच्या तसा वाचला. मामाजी जमिनीकडे पाहत होते. मग ती म्हणाली, आमच्या इंजिनिअरांना हे पत्र दाखवलं आहे, तक्रार मागे घेतली आहे असं आम्ही मानतो, आणि ही फ्रिक्वेन्सी आहे तशी चालू राहील. पाठोपाठ, कागद बाजूला ठेवल्यासारखी जरा थांबून, ती म्हणाली की आमच्या स्टुडिओत कोणालाच हे झटका मशीन काय असतं ते माहीत नाही. आमच्याकडे शेतात हत्ती येतात, त्यांच्यासाठी विजेचं कुंपण असतं, ते हेच का? सोनाळ्याच्या श्रोत्याने सविस्तर लिहून कळवावं.

मग गाणं लागलं. मला वाटलं, डोळे पुसतील. त्यांनी चष्मा पुसला आणि वही ओढली.

"हत्तीले किती लागते अन् डुकराले किती लागते, सांग," ते म्हणाले. "व्होल्ट."

"हत्तीचं मला माहीत नाही."

"मग डुकराचं सांग. हत्तीचं त्याईलेच विचारतो."

मी आकडा सांगितला. त्यांनी लिहिला आणि मशीनवरची पाटी पाहून खात्री करायला मला दुकानात पाठवलं.